पाण्याचा दिवस आणि बालुगावचं तिकीट

आजी, तुम्ही आयुष्यात कुठं कुठं फिरलात, असं कुणी विचारलं की मी सांगते: ड्रमापासून टाकीपर्यंत, आणि टाकीपासून परत ड्रमापर्यंत. लोक हसतात. त्यांना वाटतं म्हातारी गमतीची आहे. आहेच. पण हे खरंही आहे.

आमच्या पुंडलिकनगरात पाण्याचा दिवस हा सणापेक्षा मोठा. सण तरी कॅलेंडरात छापलेला असतो. नळाला पाणी येतं ते आठवड्यानं, कधी त्याच्याही पुढं, आणि ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरातलं एक तरी माणूस दाराशी हजर पाहिजे. गल्लीत लग्नपत्रिका आली की बाया मुहूर्त नंतर बघतात, आधी बोटांवर मोजतात, त्या दिवशी आपलं पाणी तर नाही? माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला मी पोचले ती पंगती उठल्यावर, ओल्या पदरानं. ती अजून चारचौघात म्हणते, "आमच्या अक्काला पाव्हण्यापेक्षा नळ जवळचा." मी म्हणते, "पाव्हणे काय, रोज येतात."

यंदा दिवाळी उलटल्यावर नात चार दिवस राहायला आली. लेकीची लेक, पुण्यात नोकरीला असते. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "आजी, जानेवारीत मी तुम्हा दोघांना फिरायला नेणार. गोवा, केरळ, तू नुसतं नाव सांग."

मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "बालुगाव."

"हे कुठं आलं? जालन्याच्या पुढं?"

"लई पुढं. ओडिशात."

पलीकडं पलंगावर हे पेपर वाचत बसले होते. अलीकडं ह्यांचे हात थरथरतात, त्यामुळं ह्यांच्या हातातला पेपर पिंपळाच्या पानासारखा सळसळत असतो, आम्हाला त्याची सवय झाली आहे. तो पेपर तेवढ्यापुरता गप्प झाला. मग पुन्हा सळसळायला लागला.

नातीनं मोबाईलमध्ये नाव टाकलं आणि ओरडलीच. "आजी! हे तर लगून आहे! चिलिका! केवढं भारी!"

"असंल. आमच्या वेळी आम्ही त्याला पाणीच म्हणायचो."

तिनं फोटो दाखवले. तळं म्हणावं तर खारं, समुद्र म्हणावा तर लाट नाही. समुद्र पलीकडं, आणि मध्ये वाळूचा एक लांबच लांब बांध निसर्गानंच घातलेला. त्याच्या अलीकडं हे पाणी पसरलेलं, पार दिसेनासं होईपर्यंत. त्यात बेटं, होड्या, थंडीत लांबून आलेले पक्षी. आणि काठावर ते गाव, त्याच्या शेजारून जाणारी रेल्वे. मी फोटो बघत होते आणि मला एकाही फोटोचं नवल वाटत नव्हतं. हे सगळं मला भाकरीच्या डब्याबरोबर कधीच पोचलेलं होतं.

ते असं. हे वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होते. ह्यांच्या शेजारच्या मशीनवर ओडिशाचा एक गडी होता, चिलिकाच्या काठचा. मासेमारांच्या घरातला. आमच्या ह्यांच्यासारखाच बुटका, काळा, आणि बोलायला सुरुवात केली की थांबत नसे. बजाजनगरात एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचा आणि रोज भात खायचा. एकदा ह्यांनी डब्यातली भाकरी त्याला दिली, ठेच्यासकट. डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यानं सगळी खाल्ली म्हणे. त्या दिवसापासून माझ्या परातीत दोन भाकरी जास्तीच्या. रविवारी तो घरीच यायचा. मला भाभी म्हणायचा, मी त्याला भाऊजी.

येऊन पहिल्यांदा तो आमच्या मोरीकडं बघायचा. निळे ड्रम, स्टीलचे हंडे, पितळी घागर, तेलाचे धुतलेले डबे, प्रत्येकावर झाकण आणि झाकणावर वजनाला दगड. तो हात जोडून म्हणायचा, "भाभी, आपके यहाँ पानी को जेल में रखते हैं क्या?"

"ठेवावं लागतं. सुटलं की सापडत नाय."

मग तो त्याच्या गावाबद्दल सांगायला बसायचा. होडीत बसलं की वाटीतलं दूध हलत नाही असं शांत पाणी. सकाळी पाण्याचा रंग वेगळा, तिन्हीसांजेला वेगळा. दुसरा काठच नाही. हे ऐकताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ह्यांनी तोवर बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण, तेही बसच्या खिडकीतून. "एकदा जायाचंच," हे म्हणायचे. "ह्या दिवाळीला."

ती दिवाळी बरीच वर्षं नुसती बोलण्यातच आली. एका वर्षी मात्र सगळं जमलं. कंपनीला दिवाळीची लांब सुट्टी, लेकीच्या शाळेला सुट्टी, ह्यांनी तिकिटंच काढून आणली. सिकंदराबादपर्यंत एक गाडी, तिथून बदलून दुसरी, ती थेट त्या पाण्याच्या काठानं धावणारी. तो गडी आठ-दहा दिवस आधीच गावी गेला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "मैं स्टेशन पर खड़ा रहूँगा. नाव भी बोल के रखता हूँ. भाभी, आटा लेके आना, मेरी बीवी को रोटी सिखाना."

मी ज्वारी दळून आणली. खास बारीक. त्याच्या बायकोसाठी कापडाच्या पिशवीत बांधून ठेवली. ह्यांनी शहागंजातून एक काळा चष्मा घेतला. पाण्यावर ऊन चमकतं, डोळ्यांना त्रास होतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. चष्मा लावून हे घरातच फिरायचे. एकदा तर तसेच जेवायला बसले. लेक म्हणाली, "बाबा, वरणात काय पडलंय दिसतंय का?" हे म्हणाले, "सवय करायलोय."

आता त्या वेळच्या मला जरा लांबून बघा. मी बघते अधूनमधून, सिनेमातल्या बाईकडं बघावं तशी. पदर खोचलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या दोनच कामाच्या, बाकीच्या हरवलेल्या कुलपांच्या, पण जुडगा मोठा दिसला पाहिजे. चालणं असं की जणू शहराचा पाणीपुरवठा हिच्याच सहीनं सुटतो. हिला मनापासून वाटायचं की आपण दोन दिवस घरात नसलो तर घर बुडेल. बाई गं, बुडायला पाणी लागतं, तेच तर तुझ्याकडं नाही! पण सांगणार कोण. सांगणारे सगळे तिला भ्यायचे.

तिची बाजूही सांगते, नाहीतर म्हातारी फारच दुष्ट दिसेल. माझं माहेर फुलंब्रीकडचं. आमच्या वस्तीची विहीर वेगळी, गावाची वेगळी. आमची उन्हाळ्याच्या तोंडालाच तळाला जायची. मग माझी आई घागर घेऊन कुणाच्या तरी मळ्यातल्या मोटारीशी जाऊन उभी राहायची. आईच्या आईला कुणी वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं, तसं आता राहिलं नव्हतं. पण उभं राहायचंच होतं. मालकानं बघेपर्यंत, मोटार चालू होईपर्यंत, कुणी "घे" म्हणेपर्यंत. मीही उभी राहिलेली आहे, तिच्या मागं, छोटी कळशी घेऊन. त्या उभं राहण्याचे पाय माझ्यात अजून आहेत. लग्न होऊन शहरात आले, पुढं हे घर बांधलं, आणि दारात आपल्या नावाचा नळ आला तेव्हा मी त्याला हळदकुंकू नाही लावलं, तसलं आम्ही करत नाही. पण त्या नळाच्या तोटीवर हात ठेवून मी मनात म्हटलं होतं, आता कुणाला पाणी मागायचं नाही.

चांगलंच म्हटलं होतं. फक्त त्या बाईनं त्याचा अर्थ असा घेतला की कुणी देत असेल तरी घ्यायचं नाही, आणि कुणी भरून ठेवतो म्हणालं तरी त्याला भरू द्यायचं नाही.

तर निघायच्या आठवड्यात शहराची मोठी जलवाहिनी फुटली. इथं ती फुटायचीच, पण वेळ साधून फुटली. गंमत अशी की तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं, आणि तरी आम्ही बोंब मारायचो. आज कुणी दिवसाआड देतो म्हणालं तर मी त्याला पेढे भरवीन. पाणी थांबलं, ड्रम तळाला गेले. गाडी होती संध्याकाळची, आणि त्याच सकाळी पाणी सोडणारा माणूस सायकलवरून ओरडत गेला, "आज येतंय! रात्रीपर्यंत येतंय!"

मी हातातली पुरचुंडी खाली ठेवली.

समोरच्या वहिनी फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी माझा चेहरा वाचला असणार. "ताई, तुम्ही जावा बिनधास्त. किल्ली द्या मला. माझं भरून झालं की तुमचं भरते, ड्रमांची झाकणं लावते, कुलूप लावते. व्हय, एवढं काय त्यात?"

"तुमचं भरेपर्यंत माझं जाईल की."

"तर मग तुमचं आधी भरते, बाई!"

ह्याच्यापुढं माणूस काय बोलणार? पण त्या बाईला उत्तर होतं. ती म्हणाली, "तुम्हाला आमच्या ड्रमांचं नाय कळायचं. पिण्याचं कोणतं, वापरायचं कोणतं, सगळं एक होईल."

समोरच्या वहिनी आत निघून गेल्या. दार जरा जोरात लागलं.

हे काळा चष्मा डोक्यावर चढवून आतून आले. "झालं का? रिक्षा सांगू?"

"पाणी येतंय. भरून उद्या निघू."

"उद्या? गाडी काय आपल्या दारची हाये का? रिझर्वेशन हाये."

"मग आल्यावर काय प्यायचं? प्रवासातून यायचं आन् घरात थेंब नाय."

"आल्यावर बघू. वहिनी म्हणतात ना, भरते."

"दुसऱ्याच्या हातचं पाणी भरून घ्यायला घर बांधलं का आपण?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी दुप्पट ओरडले असते आणि कदाचित भांडता भांडता रिक्षात बसले असते. पण हे ओरडणारे नव्हेत. चष्मा काढला, खिशात ठेवला, पिशव्या उचलून पलंगाखाली सरकवल्या आणि ओट्यावर जाऊन बसले. लेक रडून रडून झोपली. गाडीची वेळ झाली तेव्हा मी नळाशी उभी होते. गाडीची वेळ टळून गेली तेव्हाही मी नळाशीच होते. नळ फुसफुसत होता नुसता. पाणी आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही गढूळ.

हे तारघरात जाऊन आले, पण तार पोचायच्या आत गाडी पोचली असणार. त्याच्या घरी फोन नव्हता.

सुट्टी संपल्यावर तो परत आला तसा पहिल्याच रविवारी आमच्याकडं आला. मला वाटलं येणार नाही. आला, आणि हातात पिशवी. त्याच्या बायकोनं पाठवलेलं सुकट, आणि पानात गुंडाळून भाजलेला एक गोड पदार्थ, छेन्याचा, म्हणजे फाडलेल्या दुधाचा, प्रवासानं जरा आंबूस झालेला. पाहुण्यांसाठी केलेला होता. पाहुणे आले नाहीत म्हणून पाहुण्यांकडं पाठवला.

हे खाली बघत म्हणाले, "तू उभा राहिला असशील."

"हाँ, खड़ा था. वो गाड़ी गई तो सोचा, तुम लोग पीछेवाली में आओगे." तो हसला. "पीछेवाली भी देखा. फिर नाववाले को बोला, भाई तू जा, मछली पकड़."

मग माझ्याकडं वळला, कारण मी दाराच्या चौकटीत खांबासारखी उभी होते. "क्या भाभी, मुँह क्यों लटकाया? पानी कहीं भागता है क्या? अगले साल."

आणि त्या बाईनं काय म्हणावं? "आमच्याकडचं पळतं हो, भाऊजी." सगळे हसले. तीही हसली. हजरजबाबी होती ना! आज वाटतं, त्या वेळी तोंडाला झाकण असतं आणि झाकणावर दगड, तर बरं झालं असतं.

त्याच्या बायकोसाठी दळलेल्या पिठाच्या आम्हीच भाकरी करून खाल्ल्या. लेक म्हणाली, आई, कडू लागते. पीठ जुनं झालं होतं, दुसरं काही नाही.

पुढचं साल आलं, त्याच्या पुढचंही. कधी स्लॅब टाकायचा होता, कधी लेकीची दहावी, मग तिचं लग्न, तिचं बाळंतपण. कारणं चांगलीच होती. पण खरं कारण असं की हे पुन्हा तिकिटं काढायला गेलेच नाहीत. मी एकदा म्हटलंही, "काढा की." हे म्हणाले, "आधी तुझ्या नळाला इचार." हसत म्हणाले. मीही हसले. आमच्या घरात सगळं हसण्यावारी गेलं.

तो गडी रिटायर होऊन गावी गेला. मोबाईल आले तसे त्याचे फोन यायला लागले, विशेषतः थंडीत. "पंछी आ गए, भाई. तुम कब आओगे?" हे म्हणायचे, "यंदा पक्कं." आमचं पाणी तोवर दिवसाआडवरून तीन दिवसांवर, तिथून पाचावर गेलं होतं. माझे गुडघे गेले आणि पाणी भरायचं काम ह्यांच्याकडं आलं. मी खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे. "पहिलं गढूळ येतं ते झाडांना. मग वापरायचे ड्रम. पिण्याचं सगळ्यात शेवटी, नितळ आल्यावर. पाईप जमिनीला टेकवू नका. अहो, हंडा आधी विसळा!" हे निमूट करायचे. शिकले, चांगले शिकले.

अशाच एका पाण्याच्या दिवशी फोन वाजला. ह्यांच्या एका हातात पाईप, दुसऱ्या हातात फोन. त्याचा मुलगा बोलत होता. बाप गेल्याचं सांगत होता. झोपेत गेला, त्रास झाला नाही. हे "हाँ, हाँ बेटा," एवढंच म्हणत राहिले. ड्रम भरून वाहायला लागला. पाणी ओसरीवर आलं, फाटकाबाहेर गेलं, रस्त्यावर ओघळ लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत पाणी वाया जात होतं आणि मी "अहो, पाणी!" म्हटलं नाही. समोरच्या वहिनीच आल्या आणि त्यांनी तोटी बंद केली. काही विचारलं नाही. त्यांनाही आता गुडघेदुखी आहे.

म्हणून यंदा मी "बालुगाव" म्हटलं. मेथी निवडता निवडता म्हटलं, पण शब्द त्या फोनपासून जिभेवर होता.

नातीनं भराभर सगळं केलं. हॉटेल नको, मी म्हटलं, त्या माणसाच्या घरी फोन करू. नंबर ह्यांच्या फोनात होताच. मुलानं उचलला. मी माझ्या हिंदीत, जिला आमची नात "निजामी हिंदी" म्हणते, सांगितलं की आम्ही येतो म्हणतोय. त्यानं आईला हाक मारली. पलीकडं ओडियात बोलणं झालं. ती बाई मी कधी पाहिलेली नाही, तिनं मला पाहिलेलं नाही, पण तिच्या नवऱ्यानं माझ्या हातचं खाल्लंय आणि मी तिच्या हातचं. मुलगा परत फोनवर आला. जरा अवघडून म्हणाला, "माँ पूछ रही है, इस बार पक्का?"

"पक्का," म्हटलं. "बोलना, आटा लेके आती हूँ."

तिकिटं निघाली. तिघांची. नात ह्यांना म्हणाली, "आजोबा, तुम्हाला खिडकी. तळं आलं की सगळ्यात आधी तुम्हाला दिसणार."

हे पेपर घडी घालत म्हणाले, "मी कशाला? तुम्ही जावा. पाणी कोण भरायचं?"

मला वाटलं टोमणा. इतक्या वर्षांनी का होईना मारला, म्हणून मी खुशीनं हसले. "मारा, मारा. माझा हक्क हाये त्याच्यावर."

"टोमणा नाय. खरंच म्हणतो. त्या आठवड्यात आपलं पाणी हाये."

नात म्हणाली, "आजोबा, टँकर बोलवू की! समोरच्या आजींना किल्ली देऊ. आल्यावर बघू."

"आल्यावर बघू," हे म्हणाले, जणू ते वाक्य कुठंतरी ऐकलंय अशा सुरात. "त्यांना आपल्या ड्रमांचं नाय कळायचं."

माझीच वाक्यं, माझ्याच क्रमानं. घरात पोपट पाळावा आणि त्यानं नेमकी भांडणं तेवढी पाठ करावीत, तसं.

नात उठून आत गेली तशी मी ह्यांच्या पलंगावर जाऊन बसले. "अहो, मी चुकले तेव्हा. आता मी तयार आहे ना? मरू द्या ते पाणी."

"तू चुकली म्हणून नाय गं."

"मग?"

पेपर नव्हता, त्यामुळं हात नुसतेच थरथरत होते. हे त्यांच्याकडं बघत म्हणाले, "तेव्हा ठेसनावर त्यो उभा होता आन् मी नव्हतो. आता मी उतरन आन् त्यो नसन. ह्यानं फिटतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. मला! पाणी कुठं पळतं म्हटल्यावर ज्या बाईला उत्तर सुचलं होतं, तिला.

"तू जा," हे म्हणाले. "त्याच्या बायकोला भाकरी शिकव. त्याची लई इच्छा व्हती. पीठ बारीक दळून ने." थोड्या वेळानं म्हणाले, "आन् ताजं ने."

त्यानंतर मी सगळे उपाय केले. रुसले, जेवले नाही. एका दुपारचंच, जास्त जमत नाही आता. लेकीकडून फोन करवला. समोरच्या वहिनींना मुद्दाम बोलावलं आणि ह्यांच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला. वहिनी म्हणाल्या, "ताई, आता देताय होय? ह्यातली कोणती लागती तरी?" आम्ही दोघी इतक्या हसलो की मला डोळे पुसावे लागले, त्यांनाही. हे शेजारीच होते, चहा पीत होते. हसले नाहीत असं नाही. पण हो म्हणाले नाहीत.

काल पाण्याचा दिवस होता. मी खुर्चीवर बसले होते. नळ आधी फुसफुसला, खोकला, मग गढूळ धार आली. ह्यांनी ती जास्वंदीला घातली. मग वापरायचे ड्रम. पाईप जमिनीला टेकू दिला नाही. हंडा आधी विसळला. हात थरथरत होते म्हणून हंड्याच्या काठाबाहेर थोडं थोडं सांडत होतं. ते बघवेना म्हणून मी उठले, पाईप धरायला गेले.

"तू हो बाजूला," हे म्हणाले. "तुला नाय जमायचं."

मी बाजूला झाले. इतकी वर्षं हे असेच बाजूला होत आले असतील. कसं वाटतं ते आज कळलं, म्हातारपणी, ओल्या ओसरीवर. ज्याला पाण्याच्या पलीकडं बघायचं होतं त्या माणसाला मी पाण्याच्या अलीकडं उभं राहायला शिकवलं. आणि विद्यार्थी असा की मास्तरणीच्या पुढं गेला.

पिण्याचं पाणी यायला लागलं तेव्हा नातीचा पुण्याहून फोन आला. "आजी, आजोबा खरंच नाही येत का गं? त्यांचं तिकीट रद्द करू का? नंतर केलं तर काही परत मिळत नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पाठमोरे होते. ऐकत होते, कारण पाईप हंड्यातून बाहेर आला होता आणि जमिनीवर पाणी चाललं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "काय रद्द करू नको."

"अगं पण जागा रिकामी जाईल."

"जाऊ दे रिकामी. खिडकीची जागा त्यांची हाये. मी मधल्या जागेवर बसून बघीन, मान लांब करून."

फोन ठेवला. ह्यांनी पाईप परत हंड्यात घातला. त्या हंड्याला झाकण मी लावलं, तेवढं मला लावू दिलं. ज्वारी उद्या गिरणीत टाकायची आहे. ताजी, बारीक. गिरणीवाल्याला सांगेन, दोन पायल्यांचं कर, त्यातलं थोडं इथं घरी ठेवायचंय. माणूस एकटा असणार आहे. नसलाच घरात, आलाच बरोबर, तर पीठ खराब होईल. झालं तर होऊ दे.